पाणकावळ्यांचं घर कुठलं?

आमच्या गावात सात मर्डो मॉरिसन आहेत, आणि हे मी फक्त जिवंत असलेल्यांचं सांगतेय. मेलेल्यांचं विचारूच नका. स्कॉटलंडमधल्या लुईस बेटाच्या या टोकाला लोकांकडे नावं होती पाच-सहा आणि पोरं झाली ढीगभर. मग काय होणार? प्रत्येक घरात एक मर्डो, एक जॉन, एक केनेथ. मुलगी झाली तरी सुटका नाही. आजोबा केनेथ असतील तर नात केनेथिना.

म्हणून खऱ्या नावाचा इथे कुणालाच उपयोग नाही. टपाल वाटणारा मर्डो म्हणजे 'स्पॅनिश', कारण त्याचे पणजोबा एकदा जहाजावरून आले ते कानात बाळी घालून. शाळेची बस चालवणारा मर्डो म्हणजे 'मंत्री', कारण त्याच्या आजोबांनी एका मंत्र्याशी हात मिळवला आणि मग तो हात म्हणे आठवडाभर धुतला नाही. नाव एकाला पडतं आणि पाच पिढ्यांना चिकटतं. 'मंत्र्यां'च्या घरात बाळ जन्मलं की ते पहिल्या रडण्यापासून मंत्री.

नियम एकच: टोपणनाव पाठीमागे घ्यायचं. तोंडावर कधीही नाही. तोंडावर घेतलंत तर एक तर तुम्हाला चढलेली आहे, नाहीतर तुम्हाला भांडण हवंय.

हा नियम मला चालता येण्याआधीपासून माहीत आहे. तरी त्या आठवड्यात मी गावभर डोकं आपटत फिरले ते याच नियमावर.

व्हर्ना सोमवारच्या बोटीने आली. आजी उन्हाळ्यात वरची खोली पाहुण्यांना देते, तिथे ती उतरली. सत्तरी ओलांडलेली, उंच, कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातली, आणि आवाज असा की कुंपणापलीकडची मेंढरं चरायची थांबून बघायला लागली. अंगात काळा स्वेटर. त्याच्या छातीवर पंख पसरून उभा असलेला भलामोठा पाणकावळा.

"आम्ही पाणकावळे!" स्वयंपाकघरात बसल्या बसल्या तिने पक्ष्यावर थाप मारली. "माझे आजोबा जॉन मॉरिसन याच गावचे. त्यांच्या घराला इथे पाणकावळे म्हणायचे. आमच्या शेताचं नाव पाणकावळा, कुत्र्याचं नाव पाणकावळा, नातवंडांच्या हॉकीच्या संघाचंसुद्धा तेच. हा स्वेटर आमच्याकडे सगळ्यांना आहे, पाळण्यातल्यालासुद्धा!"

आजीने ओटकेकची ताटली जरा जोरातच टेबलावर ठेवली. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

आजोबा मात्र हसून हसून लाल झाले. "पाणकावळे! अरे देवा! कुणाचं गं हे, एफी? मी तर कधी ऐकलं नाही. काय पण नाव पडलंय बिचाऱ्यांना!"

"वारा फिरलाय आज," आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मग व्हर्नाने पिशवीतून एक लाकडी पेटी काढून टेबलावर ठेवली, लोण्याच्या भांड्याशेजारी. आमचे सगळ्यांचे हात आपोआप मागे आले.

"ही माझी आई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "केनेथिना. इथून गेली तेव्हा तान्ही होती. या वसंतात वारली. शेवटी एकच म्हणत होती, मला माझ्या माणसांत ठेवा. पाणकावळ्यांत. मी हो म्हटलं. तुम्ही सांगा, आता ते घर कुठलं आणि त्यांची जागा दफनभूमीत कुठली?"

दफनभूमीत जागा म्हणजे काय, हे आम्हाला सांगावं लागत नाही. समुद्राकाठच्या रेताड गवतात जुन्या भागात नुसते धोंडे आहेत, नाव नसलेले. कुठल्या धोंड्याखाली कोण, ते फक्त त्या त्या घराला ठाऊक. घर सापडलं नाही तर जागा नाही.

"समुद्रात सोडतात काही जण," आजोबा चाचरत म्हणाले.

"समुद्रात नाही," व्हर्ना म्हणाली. "आजोबा म्हणायचे, समुद्राने आपल्याकडून पुष्कळ घेतलंय, त्याला आणखी काही द्यायचं नाही. शनिवारी दुपारी माझी बोट आहे. परत येणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही."

"मी शोधून देते," मी म्हटलं.

कुणी विचारलं नव्हतं मला. पण त्याच महिन्यात मी वादविवादात अख्ख्या बेटात पहिली आले होते, आणि माझ्यासमोर गप्प बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय असं माझं पक्कं मत झालं होतं. शिवाय व्हर्ना माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी वकील आहे. कोणीतरी आपल्याकडे असं बघितलं की माणूस काहीही कबूल करतो.

मंगळवारी मी जुन्या शाळेत गेले. तिथे आता गावचं इतिहास मंडळ आहे, म्हणजे डोलिना, तिची किटली आणि घराघराच्या वंशावळी लावलेल्या भिंती. डोलिनाला गाव पाठ आहे. मुलगी केनेथिना, म्हणजे जॉनचा बाप केनेथ; तसा कॅनडाला गेलेला जॉन आम्ही कागदावर शोधला. चार घरांत सापडला. आमच्या घरातसुद्धा! माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ जॉन, बाप केनेथ, बायको-मुलीसह गेला, पुढे काही लिहिलेलं नाही. चारही घरं तशीच. प्रत्येकाचा एक जॉन बोटीत बसला आणि धुक्यात गेला.

"म्हणजे कागद इथे संपला," मी म्हटलं. "आता टोपणनावावर. ही चार घरं. पहिलं?"

"मंत्री," डोलिना पटकन म्हणाली.

"दुसरं?"

"ते 'बोअर'. त्यांचा म्हातारा आफ्रिकेच्या लढाईला जाऊन आला होता ना. आणि ते तिसरं, पुलाजवळचं, ते 'घड्याळ'. अगं, त्याची मजाच आहे..." आणि तिने मजा सांगितली, हातवारे करून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसून.

"चौथं आमचं, ते सोड. मग यात पाणकावळे कोण?"

डोलिनाचं हसू असं विझलं, जसा कुणी दिवा घालवावा. ती उठली. किटली भरलेली होती, तरी नळाखाली धरली.

"वारा फिरलाय आज," ती म्हणाली. "दक्षिणेचा झालाय."

"डोलिना, पाणकावळे!"

"मी नाही ऐकलं, सोन्या. बिस्कीट घे."

मी संध्याकाळी जेवताना आजोबांसमोर चारही घरं मांडली. उकडलेले बटाटे आणि खारवलेले हेरिंग मासे होते, आणि आजोबा काटे काढत ऐकत होते.

"त्यातलं आमचं काढून टाक," ते म्हणाले. "आमचा जॉन काका गेला हे खरं. पण आपल्या घराला टोपणनाव नाही."

"असं कसं आजोबा? सगळ्यांना आहे."

"सगळ्यांच्या घरात काहीतरी वेडेपणा झालाय. आपल्यात नाही. आपण साधी माणसं. लापशीच्या घराला बघ," त्यांनी काट्याने भिंतीकडे, म्हणजे भिंतीपलीकडच्या टॉर्क्विलच्या घराकडे खूण केली. "त्याच्या आजोबाने एका लग्नात लापशीचं पातेलं चाटूनपुसून संपवलं, नवरीला राहिली नाही. आता जन्मभर लापशी. असं आपल्यात कुणी केलेलं नाही."

टॉर्क्विल आमचा शेजारी. कुंपणाच्या एका खांबावरून तो आणि आजोबा माझ्या जन्माआधीपासून बोलत नाहीत. बोलले तर चर्चच्या दारात, आणि तेही हवेबद्दल.

मी आमचं घर यादीतून काढून टाकलं.

आजी बटाट्याची साल काढत होती. ती त्या दिवशी जरा जास्तच जाड निघत होती.

बुधवार! बुधवार आठवला तरी माझे दात शिवशिवतात. मी सायकल काढली आणि दारोदार गेले. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी जॅम लावलेला स्कोन. 'मंत्र्यां'च्या आजीने मला 'घड्याळां'ची पूर्ण हकिगत सांगितली. 'घड्याळां'नी 'बोअरां'ची सांगितली. 'बोअरां'नी 'मंत्र्यां'ची सांगितली, आणि ती तर माझ्या आजीसमोर सांगता येणार नाही अशी. गावातलं एकूण एक नाव, एकूण एक लाज, मला बशीत घालून मिळाली. आणि मी 'पाणकावळे' म्हटलं की प्रत्येकाला एकदम खिडकीबाहेरचा वारा दिसायचा. 'स्पॅनिश' मर्डो तर टपालाची गाडी चालू ठेवून बोलत होता, तो माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीसकट निघूनच गेला.

भर म्हणजे व्हर्ना. ती माझ्यामागे तो स्वेटर घालून चालायची आणि प्रत्येक दारात दोन्ही हात पसरून गरजायची, "आम्ही पाणकावळे! ओळखलंत का?" माणसं तिच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि मग जमिनीकडे. मला वाटलं त्यांना तिच्या आवाजाची लाज वाटतेय.

"थुंकी डबीत घालून पाठवतेस का गं, रक्ताचं नातं तपासायला?" व्हर्नाने परतताना विचारलं. "आमची पाठवलेली आहे."

"पाठवते. पण निकाल यायला आठवडे लागतात. आणि बाकीच्या तीन घरांतलं कोण डबीत थुंकणार?"

 घरी आल्यावर तिने कपाटावरच्या चिनी मातीच्या कुत्र्यांमध्ये ठेवलेल्या पेटीवरचा रुमाल नीट केला. मी जिन्यात बसून बुटाची नाडी तोडली. सोडवली नाही, तोडली.

"माणसं इतकी दुष्ट का असतात?" मी आजीला म्हटलं. "एक म्हातारी आईला घेऊन आलीय, आणि ही वारा मोजतायत!"

आजीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "दुष्ट नाहीत गं," ती म्हणाली. "फार सभ्य आहेत. गोड बोलून या गावात कुणी खरं सांगत नाही, मार्सेली. लक्षात ठेव."

गुरुवारी मी आजोबांबरोबर दुकानात गेले, दूध आणायला. तिथे नेहमीचे चौघे शेगडीभोवती उभे, आणि आजोबा रंगात आलेले.

"...तर लापशी मला म्हणतो कसा, खांब तुझ्या बाजूला सरकलाय. मी म्हटलं, अरे, खांबाला पाय..."

दार उघडलं. टॉर्क्विल आत आला.

"...वारा फिरलाय आज," आजोबा म्हणाले. आवाज जराही न बदलता.

"दक्षिणेचा झालाय," बाकीचे म्हणाले.

"हं," म्हणून टॉर्क्विलने पाव घेतला आणि गेला.

मी दुधाच्या कपाटाचं दार उघडं धरून तशीच उभी राहिले. गार हवा पायांवर येत होती. तेच शब्द. डोलिनाचे, 'मंत्र्यां'च्या आजीचे, 'बोअरां'चे. ज्याचं नाव तो समोर आला की वारा फिरतो. आणि काल प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, कोण समोर होतं?

मी.

दूध तिथेच ठेवून मी बाहेर पडले.

आता खरं सांगते, मला खात्री नव्हती. आणि असल्या गोष्टीत अंदाजावर पेटी पुरता येत नाही. कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तोंडावर म्हणतात ते फक्त भांडणात. 'गोड बोलून कुणी सांगत नाही.' आजी, आजी, तू काय बाई आहेस!

मग भांडायचं कुणाशी? सगळ्या गावात आमच्याशी आधीच वैर असलेला माणूस एकच.

टॉर्क्विल अंगणात पीट रचत होता. दलदलीतून कापून वाळवलेल्या त्या काळ्या विटा अख्ख्या हिवाळ्याला पुरवायच्या असतात, आणि त्यांची रास कशी रचली यावरून इथे माणसाची किंमत ठरते. टॉर्क्विलची रास गावात सर्वांत देखणी. बाहेरच्या विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या, एकीत एक बसलेल्या, पाऊस आत जाणार नाही अशा. लोक फोटो काढायला थांबतात.

"ये, माझ्या सोन्या," तो म्हणाला. आजोबांशी वैर, पण माझ्याशी तो नेहमी असाच.

"टॉर्क्विलकाका," मी म्हटलं, "रास वाकडी झालीय."

त्याचा हात थांबला. "कुठे?"

"सगळीच. नाताळापर्यंत पडेल. आमच्या आजोबांची याहून बरी असते."

हे साफ खोटं. आजोबांची रास म्हणजे कुणीतरी ट्रकमधून ओतलेली. टॉर्क्विलच्या मानेवर लाली चढली, पण तो म्हणाला, "वारा फिरलाय. पाऊस यायच्या आत घरी जा."

"आणि तुमची कुत्री मेंढरांना भिते. सगळे हसतात."

दाराशी झोपलेल्या फ्लॉसने एक डोळा उघडला. मला तिची इतकी लाज वाटली! टॉर्क्विलने टोपी काढली, पुन्हा घातली. ओठ घट्ट मिटलेले. काय सभ्य माणूस! मला रडू यायला लागलं होतं, आणि रागही. माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. मी वाकले आणि राशीच्या अगदी तळातून, कोपऱ्यातून, एक वीट ओढून काढली.

रास जराशी कण्हली. वरच्या दोन ओळी घरंगळून खाली आल्या.

"पाणकावळ्याची जात!" टॉर्क्विल ओरडला. "हात लावशील तिथे नाश! बापजाद्यांपासून तशीच! पाणकावळ्यांनो!"

मग त्याने स्वतःचं ऐकलं. टोपी काढून छातीशी धरली. तोंडाचा रंग उतरला.

"देवा," तो म्हणाला. "पोरी, मला माफ कर. मी असं... तुझ्या तोंडावर..."

"थँक्यू," मी म्हटलं, आणि खरंच रडायला लागले. "थँक्यू, टॉर्क्विलकाका! रास मी लावून देते. फ्लॉस फार छान आहे. आता सांगा, का?"

त्याने मला उलट्या बादलीवर बसवलं आणि तो पडलेल्या विटांवर बसला. सांगायला त्याला वेळ लागला. माझ्या खापरपणजोबांची, केनेथची, बोट या खाडीच्या तोंडाशी उलटली. बोटीत तिघे. एकटा केनेथ खडकावर पोचला. उजाडल्यावर लोक किनाऱ्यावर आले तेव्हा तो खडकावर दोन्ही हात पसरून उभा होता, पंख वाळवणाऱ्या पक्ष्यासारखा. दुसरे दोघे मिळालेच नाहीत. त्यातला एक टॉर्क्विलच्या आजोबांचा भाऊ, अँगस.

"आमच्या घरात म्हणायचे," टॉर्क्विल जमिनीकडे बघत म्हणाला, "आमचा माणूस बुडत होता, आणि हा अंग वाळवत उभा होता. कुणी पाहिलं नव्हतं. पण नाव पडलं. तुझ्या आजोबाला त्याच्या बापाने सांगितलं नसणार. कोण सांगेल?"

आम्ही रास पुन्हा लावली. माझ्या ओळी त्याने गुपचूप काढून परत लावल्या.

आता आजोबांना सांगायचं. आजी म्हणाली, "मी सांगते."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"मग? माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बहिणी हात पसरून घरभर नाचल्या होत्या. पाणकावळ्यांची सून!"

"आणि एवढ्या वर्षांत तू एकदाही..."

"मला संसार करायचा होता," आजी म्हणाली. "आणि परक्या बाईसमोर नवऱ्याला कसं सांगू? रोज पेटीवरची धूळ पुसते, तिची माफी मागते."

आजीने शुक्रवारी न्याहारीनंतर सांगितलं, थेट, चहा ओतता ओतता. आजोबांनी कप उचललाच नाही.

"आपण?"

"आपण."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, इव्हांडर."

"स्पॅनिशला?"

"हो."

"पाद्रीबाबांना? ते तर स्काय बेटावरचे!"

"त्यांना आल्या आठवड्यातच सांगितलं कुणीतरी."

आजोबा उठले. बूट घातले आणि भिंतीपाशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मी गेले मागोमाग. मला वाटलं ते हसतील, नाहीतर ओरडतील. ते नुसते म्हणाले, "मी दुकानात सगळ्यांची नावं घेऊन हसायचो गं. माणसं ऐकून घ्यायची." मग थोड्या वेळाने: "माझे वडील कधी बोटीत बसले नाहीत. मला वाटायचं, त्यांना बोट लागते."

व्हर्ना बाहेर आली होती. तिला टॉर्क्विलची हकिगत मीच सांगितली होती, आणि ती ऐकताना तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"पण तसं नाहीये!" ती आता म्हणाली, आणि मेंढरं पुन्हा बघायला लागली. "जॉन आजोबा आम्हाला सांगायचे. बाप खडकावर चढला, आणि ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला. मग तो हात पसरून उभा राहिला, रात्रभर, पाण्यातल्यांना खडक कुठे आहे ते दिसावं म्हणून. ते पोहत येतील म्हणून. हात खाली घेतले नाहीत. म्हणून तर आम्ही नाव मिरवतो! मग मिरवणार नाही तर काय?"

आजोबा तिच्या छातीवरच्या पक्ष्याकडे बघत राहिले.

आणि यातलं खरं कुठलं? मला विचारू नका. मी डोलिनाकडे धावत जाऊन पुन्हा सगळं धुंडाळलं. कागदावर काय आहे? बोट उलटली, दोन बुडाले, एक वाचला. हात का पसरले ते कुठला कारकून लिहून ठेवणार? ज्याला माहीत होतं तो खडकावरच्या गोष्टीबद्दल गावासमोर जन्मभर बोलला नाही. त्याचा एक मुलगा अभिमान घेऊन समुद्रापार गेला, दुसरा लाज घेऊन गप्प राहिला. मध्ये गाव, तोंडावर हात ठेवून. मला भिंतीवरच्या त्या सगळ्या वंशावळी फाडाव्याशा वाटल्या. नावं आहेत, तारखा आहेत, आणि माणसाचे हात नाहीत.

संध्याकाळी व्हर्ना कुणालाही न विचारता कुंपण ओलांडून टॉर्क्विलकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पीटची एक वीट होती.

"सांगितलं त्याला," ती म्हणाली. "तो म्हणाला, 'असेल.' आणि हे दिलं."

शनिवारी सकाळी आजोबांनी जुन्या भागात, समुद्राच्या भिंतीला लागून असलेल्या तीन धोंड्यांपाशी खड्डा खणला. छोटाच, पेटी ती केवढीशी. आम्हाला वाटलं होतं आपण घरचेच चौघं. पण फाटकाशी आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अख्खं गाव उभं. काळे कोट, काळे टाय. 'मंत्री', 'बोअर', 'घड्याळं' आणि टपालाची गाडी बाजूला लावून 'स्पॅनिश'. मयत असेल तर इथे खांद्यावरून खांद्यावर असंच नेतात, प्रत्येकाला थोडी थोडी पाळी. पेटी कुणीही एका हाताने उचलली असती. तरी ती हातातून हातात जायला लागली, प्रत्येकाने दोन्ही हातांनी घेतलेली. बायका पूर्वी फाटकाशीच थांबायच्या. मी थांबले नाही, रांगेत शिरले. कुणी वाऱ्याबद्दल बोललं नाही. केनेथिना माझ्या हातात आली तेव्हा वाटलं होतं त्याहून जड होती.

माझ्यानंतर टॉर्क्विल होता. त्याने पेटी घेतली. छातीशी धरून अगदी हळू चालला, लागला असता त्याहून जास्त वेळ. शेवटी खड्ड्यापाशी आजोबा उभे होते. दोघं हातभर अंतरावर समोरासमोर आले, चर्चचं दार सोडलं तर पहिल्यांदाच.

टॉर्क्विलने पेटी पुढे केली.

"घे, पाणकावळ्या," तो म्हणाला. "तुझी माणसं."

 आजीने माझं मनगट पकडलं. पण टॉर्क्विलच्या आवाजात भांडण नव्हतं. व्हर्ना रडत होती आणि मान हलवत होती.

आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. 

"दे," ते म्हणाले. "उपकार झाले, लापशी."

टॉर्क्विलने पेटी सोडली नाही. त्याने आजोबांकडे बघितलं, मग मागे वळून अख्ख्या रांगेकडे बघितलं.

"लापशी कोण?" त्याने विचारलं.

 समुद्राकडून एक झुळूक आली आणि गवत एका बाजूला झुकलं.

"वारा फिरलाय आज," डोलिना म्हणाली.